भुंग्याची शिंगं

काकांनी हँडल अर्धं फिरवलं आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली.

"एक," मी वहीत लिहिलं. "सायलेन्सर."

दुसऱ्या झटक्याला इंजिन धरलं. पाच-सहा ठोके नीट पडले, मग कार्ब्युरेटरच्या तोंडातून फट् करून ज्वाळेची जीभ बाहेर आली.

"दोन. कार्ब्युरेटर."

"अगं, बार काय मोजायलीस?" काका ओरडले. "वरातीतले हायत का?"

"मोजत नाही, कुठून निघतात ते लिहितेय."

"भोकातून निघायलेत. लिही."

इंजिन आचके देत बंद पडलं. काकांनी हँडल काढून जमिनीवर टेकवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले. पोळा दोन दिवसांवर आला होता. बाहेर रस्त्याने शेषेराव आपली बैलजोडी नदीवरून धुऊन आणत होता. कासरा त्याच्या डाव्या हातात होता. उजवा हात कोपरापासून किंचित वाकडा, अंगाला चिकटलेला. बार ऐकून त्याच्या पांढऱ्या बैलानं मान वर केली होती आणि तो त्याला चुचकारत होता.

"उत्रेश्वरकाका, कुणाचं लग्न काढलं?" तो रस्त्यावरूनच म्हणाला. "तोफा उडवायलाव."

काका हसले नाहीत. "बैल सांभाळ रे," एवढंच म्हणाले.

"सांभाळतोय की. मागल्या साली सांभाळायला गेलो त्याचं हे झालं." शेषेरावनं वाकडा हात जरा उचलून दाखवला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो सगळ्यालाच हसायचा, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त लागायचं. "पाटलानं निरोप दिलाय. उद्या खांदेमळणी झाली की येतो म्हन्ले, दिवस मावळायच्या आत. पाव घंटा चालवून दाखवा. एक जरी बार निघाला तर यंत्र तोरणाखाली न्यायचं न्हाई. न्यायचंच असलं तर बंद करून, ढकलत."

"ढकलत नेलेला बैल कुणी बघितलाय का?" काका म्हणाले.

"बैल न्हाई ना पण तो."

"नाव हाय त्याला. भुंग्या."

शेषेराव मान डोलवत पुढे गेला.

हे नाव काकांशिवाय आणि आमच्या सोसायटीतल्या चौतीस घरांशिवाय कुणी घेत नसे. ही चौतीस घरं पूर्वी भूमिहीन होती. पडीक गायरान मिळालं, सामुदायिक शेतीची सोसायटी झाली आणि बैलांच्या ऐवजी सरकारी योजनेतून एक जुना विलायती ट्रॅक्टर आला. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर टाकायचा. त्या साली पोळ्याला सगळं गाव आपापल्या जोड्या सजवून वेशीपाशी उभं होतं आणि आमची माणसं बघ्यांच्यात. तेव्हा पंचविशीतले उत्रेश्वरकाका उठले, ट्रॅक्टरला झूल घातली, आंब्याची डहाळी बांधली आणि सगळ्यात शेवटच्या जोडीच्या मागे नेऊन उभा केला. वाद झाला, पण ट्रॅक्टर तोरणाखालून गेला. तेव्हापासून दर साली जायचा. तोरणाखालून जोडी निघाली की आमच्याकडे धन्याच्या आणि बैलांच्या नावाचा पुकारा होतो. ट्रॅक्टर निघाला की पुकारणारा म्हणायचा, "सोसायटीचं यंत्र!" आणि काका दर साली सीटवरून ओरडायचे, "नाव हाय त्याला!"

मागच्या साली वेशीत उभा असताना भुंग्यानं लागोपाठ तीन बार काढले. मानाची जोडी शेषेरावची, तिच्यातला एक बैल उधळला. तो त्याच्याच हाती होता. कासरा हाताला गुंडाळलेला, त्यामुळे तो वीस-पंचवीस पावलं फरपटत गेला आणि कोपरात हाड मोडलं. तेव्हापासून वर्षभर काकांनी भुंग्याला शेतात नेलंच नाही. स्वतः मात्र ते रोज शेषेरावच्या रानात जायचे. पेरणी, खुरपणी, काढणी, सगळं त्यांनी केलं. तिथून आले की शेडमध्ये शिरायचे आणि इंजिन उघडायचे. शहरातून एक मिस्त्रीही आणला होता. त्यानं प्लग काढून बघितले, हात पुसले आणि सांगितलं, हे भंगारात घाला.

मी त्या उन्हाळ्यातच परभणीला भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाले होते. निकाल लागून महिना झाला होता. घरी आल्यापासून सगळे विचारत होते, आता काय. कुणी विचारलं नव्हतं ते एकच, की भुंग्याला काय झालंय. म्हणून ते शोधायचं मीच ठरवलं.

"काका, तुम्ही वर्षभर काय काय बदललंत ते क्रमानं सांगा."

"सगळंच बदललं."

"एका वेळी एक, की सगळं एकदम?"

काका माझ्याकडे बघत राहिले. "हे असलं शिकवतेत व्हय तिथं?"

"एवढंच शिकवतात. बाकीचं पुस्तकात असतं."

त्या दुपारी आम्ही एका वेळी एक गोष्ट घेतली. चारही प्लगच्या भोकांवर अंगठा दाबून काकांनी दाब पाहिला. चारही नीट. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पाहिलं. काकांनी मागच्या पोळ्यानंतर ते सात वेळा बसवलं होतं आणि सातही वेळा बरोबर बसवलं होतं. पॉइंटमधली फट ते जुन्या पोस्टकार्डाच्या जाडीनं मोजायचे. मी फीलर गेज आणलं होतं. त्यानं मोजलं तर कार्ड बरोबर निघालं.

"तुझी पट्टी चांगली हाय," काका म्हणाले. "माझ्या कार्डाशी जुळती."

प्लग बाहेर काढून इंजिनच्या अंगाला टेकवले आणि हँडल मारलं. चारही प्लगांवर चरचरीत निळी ठिणगी. कंडेन्सर बदललेला होता. तारा नव्या होत्या, आणि त्यांचा क्रमही बरोबर होता, एक, तीन, चार, दोन. म्हणजे प्रत्येक गोष्ट सुटी तपासली तर निर्दोष होती आणि जोडली की बार निघत होते.

काकू शेडच्या दारात बसून पोळ्यासाठी बेगड कापत होती. बैलांच्या शिंगांना लावायचा तो चमकता कागद. आमच्याकडे बैल नसले तरी बेगड यायचीच. भुंग्याच्या दिव्यांना आणि स्टिअरिंगला लागायची; शिंगांना रंग. शिंगं म्हणजे ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरचे चार उभे खुंट, ज्यांत प्लगच्या तारा खोचतात. कुणीतरी पहिल्या वर्षीच म्हणालं होतं, याला चार शिंगं आहेत. तेव्हापासून ती रंगवली जायची. आठ वर्षांची असल्यापासून तो मान माझा होता. आताही काळ्या इंजिनावर ती चार शिंगं चकाकत होती. पोळ्याचा रंग कुणी खरवडत नाही. तो आपोआप जाईल तेव्हा जातो.

"जेवा आता," काकू म्हणाली. "यंत्राला काय भूक न्हाई लागत."

"नाव हाय त्याला," काका म्हणाले.

जेवताना मला एक सुचलं. परत गेल्यावर इंजिन तसंच आचके देत चालू केलं आणि लाकडी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची तार काढून पाहिली. चारची तार काढली, बार चालूच. दोनची काढली, चालूच. एकची काढली तर बार वाढले. तीनची काढली आणि कार्ब्युरेटरचे बार एकदम थांबले.

"तीन!" काका म्हणाले. "तीनमध्येच हाय चोर."

पण तीनमध्ये काही नव्हतं. तीनचा प्लग चारला लावला, तीनची तार बदलली, व्हॉल्व्ह पाहिला. सगळं चांगलं. बार तीनमधूनच येत राहिले. संध्याकाळी मी ओट्यावर बसून चारही सिलिंडरांचा तक्ता काढला. कोण कधी हवा ओढतो, कोण दाबतो, कोण पेटतो, कोण धूर सोडतो. एकची पेटायची वेळ असते तेव्हा तीन हवा ओढून संपवत असतो आणि त्याचा आत घ्यायचा व्हॉल्व्ह अजून उघडा असतो. त्या क्षणी जर तीनमध्ये ठिणगी पडली तर आग उघड्या दारातून मागे येणार, कार्ब्युरेटरमध्ये. आणि एकला ठिणगी न मिळाल्यामुळे त्यातलं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथं पेटणार. दोन्ही बारांचं उत्तर एकच होतं. एकची ठिणगी तीनला जात होती. चोर तीनमध्ये नव्हता. तीनच्या घरी चोरीचा माल येत होता.

पण मग प्लग बाहेर काढल्यावर ठिणगी बरोबर जागी का पडत होती? हे सुचायला मला सकाळ झाली. बाहेरच्या मोकळ्या हवेतून ठिणगी सहज उडी मारते. सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेतून तिला फार जोर लागतो, आणि एवढा जोर लागला की ती दुसरी, सोपी वाट शोधते. ती वाट इंजिन जोडलेलं असतानाच दिसणार होती, आणि अंधारात.

"काकू, घोंगडी दे."

"कुणाला ताप आलाय?"

"भुंग्याला."

सकाळचे दहा वाजले असतील. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा केला, म्हणजे इंजिन पेटणार नाही. इग्निशन चालू ठेवलं. काका आणि मी इंजिनच्या बाजूला उकिडवे बसलो आणि काळी घोंगडी आमच्यावर आणि डिस्ट्रिब्युटरवर ओढून घेतली. आत तेलाचा आणि लोकरीचा वास कोंडला. हँडल मारायला कुणी नव्हतं, तर काकू उठली.

"तुला जमायचं न्हाई," काका घोंगडीतून म्हणाले.

"तीस वर्षं जातं ओढलं. हे काय मोठं?"

"अंगठा वर ठेव. मूठ वळवू नको. उलटं मारलं तर मनगट जाईल."

"आता गप बसा तिथं गोधडीत."

"घोंगडी हाय."

काकूनं हँडल ओढलं. आत अंधारात क्षणभर काही दिसलं नाही. दुसऱ्या ओढीला दिसलं. पहिल्या शिंगाच्या बुडाशी एक निळा ठिपका उजळला आणि मुंगी धावावी तसा टोपीच्या अंगावरून सरळ तिसऱ्या क्रमांकाच्या शिंगापर्यंत गेला. कट्ट असा बारीक आवाज. काकूनं पुन्हा ओढलं. पुन्हा तीच वाट. मागच्या साली रंग लावताना एका शिंगावरून ओघळ खाली आला होता आणि दुसऱ्याच्या बुडाला जाऊन थांबला होता. ठिणगी त्या ओघळावरून चालली होती.

तो रंग चंदेरी होता. आधी बारा वर्षं मी शिंगं हिंगुळानं रंगवली, जवसाच्या तेलात कालवून, बैलांची रंगवतात तशी. मागच्या साली मात्र परभणीहून ॲल्युमिनियमच्या रंगाचा छोटा डबा घेऊन आले होते. यंदा भुंग्याची शिंगं चांदीची करू, असं सगळ्यांना सांगून.

काका माझ्या शेजारी होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तो थांबला.

"बास," ते म्हणाले. घोंगडी बाजूला सारून बाहेर आले आणि डोळे चोळू लागले. "मला काय दिसलं न्हाई बुवा. उजेडातून आत गेलं की नुसते काजवे."

मग त्यांनी टोपी काढली, धुण्याच्या दगडाशी गेले आणि पेट्रोलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं शिंगं घासायला बसले. काकू माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्या मागे गेले.

"काका, तुम्हाला दिसलं."

"तू जेवून घे."

"तुम्ही वर्षभर त्याच्या रानात राबलात. ते माझ्यामुळं."

त्यांनी घासणं थांबवलं नाही. चांदी चिंधीवर उतरत होती आणि खालून जुनं तपकिरी बेकेलाइट वर येत होतं. "हे बघ, कौसे. तुला पुढं शिकायचंय. कुठं नोकरीला जायचंय. तुझ्या नावावर मोडका हात कशाला? माझ्या नावावर वर्षभर हाय, आता जुना झालाय. राहू दे तिथंच."

"पण खरं..."

"खरं ते इंजिनला कळलं. बास की."

दिवस मावळायच्या आधी किशनराव पाटील आले. बरोबर शेषेराव आणि गावातली पाच-सहा माणसं. सोसायटीतले लोकही जमले. खांदेमळणीत बैलांच्या खांद्यांना चोळलेल्या हळदीचा वास सगळ्यांच्या हातांना येत होता. काकांनी हँडल एकदाच ओढलं आणि भुंग्या सुरू झाला. थोड्या वेळानं त्यांनी तो रॉकेलवर टाकला. त्याचा जुना आवाज मी वर्षभरानं ऐकला, बारीक, एकसारखा, भोपळ्याच्या फुलात भुंगा अडकावा तसा. पाटील घड्याळ बघत उभे होते. पंधरा मिनिटांत एकही ठोका चुकला नाही. काकूनं ताट घेऊन मध्येच चहा फिरवला आणि कपबशांचा आवाज इंजिनच्या आवाजातही ऐकू येत होता.

"बंद कर," पाटील म्हणाले. "काय होतं मग?"

"टायमिंग," काका म्हणाले. "माझा हात चुकला होता. वर्षभर सापडला न्हाई."

पाटलांनी मान हलवली. "मग असं कर, उत्रेश्वर. यंत्र आण. पण चालवायला दुसरा बसव. तुझा हात एकदा चुकला, पुन्हा चुकेल. वेशीत पोरंबाळं असतेत."

मला वाटलं काका आता काहीतरी बोलतील. अठ्ठावीस वर्षं त्या सीटवर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

"बरं," काका म्हणाले.

"त्यांचा हात चुकला नव्हता," मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही. मला ओट्यावर बसवून ठेवावं असं त्यात होतं. पण मी वही घेऊन पुढे गेले होते.

"टायमिंग सात वेळा बसवलं, सातही वेळा बरोबर होतं. टोपीवरचा चंदेरी रंग वीज वाहून नेत होता. तो रंग मी आणला. मी लावला."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "रंगानं कुठं बार निघतेत का? पोरगी चुलत्याला वाचवायलीय."

"थांबा," मी म्हणाले. "शेषेरावदादा, जवळपास बैल आहेत का?"

"न्हाईत. घरी बांधलेत."

मी काकूच्या डब्यातून बेगडीची एक बारीक पट्टी घेतली, करंगळीएवढी. इंजिन बंद होतं. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या शिंगाच्या बुडाला ती खळीनं चिकटवली आणि काकांना म्हणाले, "मारा."

काका हललेच नाहीत.

"काका. मारा."

त्यांनी हँडल ओढलं. इंजिन धरलं, चार ठोके पडले, आणि शेडमध्ये असा बार निघाला की पाटलांच्या हातातला चहा त्यांच्या धोतरावर सांडला. कार्ब्युरेटरमधून ज्वाळ आली. दुसरा बार. मी चावी बंद केली, पट्टी खरवडून काढली, चिंधीनं जागा पुसली. "पुन्हा मारा."

भुंग्या गुणगुणत सुरू झाला.

"पुन्हा लावू?" मी विचारलं.

"नको!" पाटील म्हणाले. धोतर झटकत ते टोपीवर वाकले आणि खूप वेळ बघत राहिले. "एवढ्याशा बेगडीनं?"

"बेगडीनं नाही. चंदेरी रंगानं. बेगड फक्त दाखवायला."

शेषेराव पुढे आला. तो हसत नव्हता, आणि त्याला न हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. त्यानं आपल्या कोपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उत्रेश्वरकाका वर्षभर माझ्या रानात राबला," तो म्हणाला. "तू काय करणार?"

"तुम्ही सांगाल ते."

"उद्या सांगतो."

तो निघून गेला. पाटील जाताना काकांच्या जवळ थांबले. "तूच चालव," एवढं बोलून तेही गेले. काकांनी भुंग्या बंद केला. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी हँडल जागेवर टांगलं, माझ्या हातातली वही घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. त्यांना वाचता येत नव्हतं.

"यात सगळे बार लिहिलेत?"

"सगळे."

"आजचे दोन?"

मी लिहिले. त्यांनी माझं लिहिणं संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग दिवा लावायला गेले.

पोळ्याच्या सकाळी काकूनं भुंग्याला धुतलं, दिव्यांना बेगड लावली, झूल घातली. शिंगं तशीच ठेवली, तपकिरी, उघडी. मी तिकडे बघत नव्हते. नऊच्या सुमारास शेषेराव आला. डाव्या हातात हिंगुळाची वाटी होती, त्याच्या बैलांच्या शिंगांची.

"हे काय?" तो म्हणाला. "शिंगं कामून उघडी?"

"नको म्हटलं यंदा," काका म्हणाले.

"घरात माणूस गेलं की शिंगं रंगवत न्हाईत. माझा हात मोडला, मी मेलो का?" त्यानं वाटी माझ्यापुढे धरली. "काल म्हन्लीस ना, सांगाल ते? रंगव."

मी वाटी घेतली. पण बोट बुडवायच्या आधी थांबले. "आधी तपासते."

"आता आणि काय तपासायचं?"

"हिंगूळ बारा वर्षं चालला. पण यंदाचा तुम्ही कशात कालवलाय ते मला माहीत नाही."

"जवसात. आणि कशात?"

"बघितल्याशिवाय लावणार नाही. हात एकच पुरे."

शेषेराव माझ्याकडे बघत राहिला आणि मग खदखदून हसला. मी दोन शिंगांच्या मधून मुद्दाम जाड रेघ ओढली, उन्हात वाळू दिली, आणि काकूनं घोंगडी आणली. पेट्रोल पुन्हा बंद केलं, आणि या वेळी आत शेषेराव आणि मी. बाहेर काकूनं पदर खोचला आणि हँडल ओढलं. एकदा, दोनदा, दहा वेळा.

"काय दिसायलंय?" काकांनी बाहेरून विचारलं.

"काय न्हाई," शेषेराव आतून म्हणाला. "नुसता अंधार."

"मग बरोबर आहे," मी म्हणाले.

मी चारही शिंगं रंगवली, तांबडीलाल. बुडाशी रंग येऊ दिला नाही.

दुपारी चारला वेशीत गर्दी होती. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याच्याखाली मानाची जोडी, पांढरे बैल, तांबडी शिंगं. मागे बाकीच्या जोड्या. सगळ्यात शेवटी भुंग्या, सीटवर काका, आणि मडगार्डवर मी. काकांनीच बसवलं होतं. "इंजिन बिघडलं तर कुणाला शोधू?" असं म्हणून. इंजिन सुरू होतं. आसपासची माणसं बोलताना एकेक डोळा आमच्याकडे ठेवून होती. ज्यांच्या हातात कासरे होते त्यांनी ते आखूड धरले होते.

पुकारा यंदा शेषेरावकडे होता. गावात त्याच्याएवढा आवाज कुणाचा नव्हता. मानाच्या जोडीचा पुकारा त्यानं केला, ती जोडी तोरणाखालून निघाली, आणि तिचे बैल घेऊन तो पलीकडे वेशीच्या कडेला उभा राहिला. तिथूनच एकेका जोडीचं नाव घेत गेला. शेवटी आमची वेळ आली. काकांनी क्लच सोडला. भुंग्या हळूच हलला. मी डिस्ट्रिब्युटरकडे बघत होते. तोरणाची पानं काकांच्या पागोट्याला लागली.

शेषेरावचा पुकारा लगेच आला नाही. काकांनी सवयीनं तोंड उघडलं.

"सोसायटीचा भुंग्या आला!" शेषेराव ओरडला. "शिंगं कौसानं रंगवलीत! बैल सांभाळा रे!"

वेस हसली. काकांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना ओरडायला काही उरलं नव्हतं.

आम्ही त्याच्या अगदी जवळून गेलो. पांढऱ्या बैलाचं नाक माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होतं. शेषेरावनं माझ्याकडे बघितलं, डाव्या हातातला कासरा वाकड्या हातात घेतला, आणि मग तो हातही उघडला. कासरा धुळीत पडला. बैलानं एक कान हलवला, भुंग्याकडे पाहिलं आणि रवंथ करत उभा राहिला.